मांडीवरचं कुत्रं आणि पिंजऱ्यातले लांडगे

कराडात आमचं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर पंचवीस वर्षं बसल्यावर गिऱ्हाइकांची काही वाक्यं पाठ होऊन जातात. रेबीजची लस न्यायला आलेल्या माणसाला मी विचारते, कुठलं कुत्रं चावलं? गल्लीतलं असेल तर तो रागाने सांगतो. घरचं असेल तर आवाज खाली येतो. "घरचंच आहे हो. छोटंसं आहे. एरवी काही करत नाही." आणि मग पैसे देता देता दुसरं वाक्य येतं, "लाड जास्त झाले. मालक कोण ते त्याला कळलंच नाही."

या दोन वाक्यांचा हा लेख आहे. पहिलं वाक्य जुनं, कुठल्याही घरातलं. दुसरं मात्र आपलं नाही. माझ्या आजीच्या पिढीतलं कोणी ते बोललं नसतं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं म्हणून ती पिढी मोकळी व्हायची. कुत्रं घरात सत्ता गाजवायला बघतं, म्हणून त्याला वेळीच जागा दाखवली पाहिजे, ही कल्पना कुठून तरी आलेली आहे. तिला गाव आहे, साल आहे. ते शोधायला मला बरीच वर्षं लागली, कारण मी रीतसर शिकलेली संशोधक नाही आणि दुकान रात्री साडेनऊला बंद होतं.

शोधाचं कारण घरातलंच होतं. १९९७ साली आमच्याकडे मोती आला. पांढरा, लोकरीच्या गुंड्यासारखा, वय महिनाभर, चपलांच्या खोक्यात बसून. सगळे त्याला पामेरियन म्हणत. दीड वर्षाचा झाल्यावर तो सोफ्यावरून उचलायला गेलं की गुरगुरायला लागला. ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांनी नोकरीत असताना मोठी कुत्री शिकवली होती. ते म्हणाले, "ताई, त्याला उलटा पाडा. छातीवर हात दाबून नजरेला नजर द्या. हालायचं थांबेपर्यंत सोडू नका. लांडग्यांच्या कळपात म्होरक्या असंच करतो." मी तीन आठवडे तसं केलं. गुरगुरणं थांबलं. मला वाटलं, जमलं.

माणसाने कुत्र्याला शिकवल्याचा इतिहास मोठा आहे, पण त्यात मांडीवरचं कुत्रं जवळजवळ नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला, त्यात कुत्र्यांवर 'सारमेयविनोद' हे प्रकरण आहे. ती सगळी शिकारीची कुत्री. शिकार, मेंढरं, राखण, युद्ध अशा कामांसाठी शिकवणं होतं. छोट्या कुत्र्याचं काम सोबत करणं. त्याला शिकवायचं काय?

चीनच्या राजवाड्यातल्या पेकिनीज कुत्र्यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. १८६० साली इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला, तेव्हा तिथे पाच पेकिनीज सापडली. त्यातलं एक व्हिक्टोरिया राणीला भेट गेलं. त्याचं नाव ठेवलं 'लूटी'. लूट हा आपल्याकडचा शब्द तोवर इंग्रजीत रुळला होता. तो असा एका कुत्र्याच्या गळ्यात पडला. लूटी १८७२ पर्यंत जगली.

याच राणीने १८८८ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये मार्को नावाचा पामेरियन घेतला. तो होता साडेपाच किलोच्या आसपास. त्याआधी इंग्लंडमध्ये दिसणारे पामेरियन याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचे, दणकट असत. राणीमुळे लहान चणीची हौस वाढली आणि पैदास करणाऱ्यांनी पुढच्या पिढ्यांत ही जात आणखी लहान करत नेली. आज जातिवंत पामेरियन दोन-तीन किलोचा असतो. १९०१ साली राणी शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा तिने आपला पामेरियन टुरी बिछान्यात मागवून घेतला होता. आपल्याकडे पामेरियन म्हणून जो ओळखला जातो तो बहुधा इंडियन स्पिट्झ, म्हणजे त्याच घराण्यातला, पण आपल्या हवेत रुळलेला. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी त्याच जातीचा. आमचा मोतीही त्याच लाटेत आला, हे कबूल करायला हरकत नाही.

आता शिकवण्याकडे वळू. १९०६ च्या सुमारास जर्मनीत सारब्र्युकनच्या पोलिसांत कोनराड मोस्ट हा अधिकारी कुत्री तयार करू लागला. १९१० मध्ये त्याचं पुस्तक आलं. कुत्र्याला आपली भाषा कळत नाही, त्याला कळतो तो कृतीनंतर लगेच येणारा परिणाम, हे मोस्टने फार लवकर ओळखलं होतं. तेवढ्यापुरता तो काळाच्या पुढे होता. पण त्याच्या पद्धतीत काटेरी पट्टा होता, छडी होती, आणि माणूस व कुत्रा यांत एकच वरचढ राहू शकतो, ही ठाम समजूत होती. समोर होती पोलिसांची मोठी, धिप्पाड कुत्री. पुढे दोन महायुद्धांत सैन्याला हजारो कुत्री लागली आणि ती शिकवणारे लोक युद्ध संपल्यावर नागरी जीवनात परतले. त्यांच्याकडे एकच विद्या होती. अमेरिकेत विल्यम कोलर हा त्यातला सर्वांत गाजलेला. युद्धात सैन्याची कुत्री, मग डिस्नेच्या चित्रपटांतली कुत्री, आणि १९६२ मध्ये पुस्तक. अंगणात खड्डे खणणाऱ्या कुत्र्यावर त्यातला उपाय असा, की खड्डा पाण्याने भरायचा आणि कुत्र्याचं तोंड त्यात बुडवायचं. हे मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझं इंग्रजी चुकलं असं वाटलं.

या परंपरेचं मुख्य हत्यार म्हणजे गळ्यात आवळणारी साखळी आणि तिला दिलेला हिसका. तीस किलोच्या अल्सेशियनला तो हिसका सोसत असेलही. पामेरियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा छोट्या जातींत श्वासनलिकेच्या कडा मुळातच कमजोर असण्याचं प्रमाण जास्त असतं. नळी चपटी होते, गळ्यावर ताण आला की बदक ओरडावं तशी ढास लागते. म्हणून पशुवैद्य अशा कुत्र्यांना गळपट्ट्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस घालायला सांगतात. मोतीला ती ढास होती. आम्ही तिला सर्दी समजून मध चाटवत होतो.

शोभेच्या कुत्र्यांनाही शिकवता येतं हे दाखवणारी एक बाई याच काळात होऊन गेली. हेलन व्हाइटहाउस वॉकर ही पूडल पाळायची, आणि पूडल म्हणजे नुसतं नटवं कुत्रं, अशी चेष्टा तिला ऐकावी लागे. तिने १९३३ मध्ये न्यूयॉर्कजवळ माउंट किस्को इथे आज्ञापालनाची स्पर्धा भरवली. कुत्री आली आठ. १९३७ मध्ये ती आणि ब्लांश सॉन्डर्स गाडीला ट्रेलर जोडून, तीन पूडल बरोबर घेऊन, प्रात्यक्षिकं करत दहा हजार मैल फिरल्या. तिचे पूडल मात्र मोठ्या चणीचे होते. मांडीवरच्यांची पाळी अजून आलीच नव्हती.

आता लांडगे. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयात रुडोल्फ शेंकेल या अभ्यासकाने लांडग्यांचं निरीक्षण केलं आणि १९४७ मध्ये त्यावर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. मूळ जर्मन निबंध मी शब्दकोश आणि चिकाटी यांच्या जोरावर वाचला. माणूस फार बारकाईने बघणारा होता. शेपटीची कमान, कानांची दिशा, ओठांची सुरकुती, सगळं टिपलेलं. कळपात सतत हाणामारी चालते, एक नर आणि एक मादी सगळ्यांवर वरचढ होतात, हे त्याने लिहिलं, आणि जागोजागी पाळीव कुत्र्याशी तुलनाही केली. जे दिसलं ते त्याने खरंच लिहिलं. पण लांडगे राहत होते साधारण दहा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब आवारात, कधी कधी दहा-दहा एकत्र. पटलं नाही तर निघून जायला वाट नाही. रानातल्या लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. पोरं मोठी झाली की बाहेर पडतात आणि आपापला संसार थाटतात. शेंकेलने पाहिलं ते कुटुंब नव्हतं. संपाच्या दिवशी एसटी स्टँडवर अडकलेल्या प्रवाशांची बाकासाठी चाललेली भांडणं पाहून कोणी मराठी एकत्र कुटुंबावर ग्रंथ लिहावा, तसा हा प्रकार झाला.

या निबंधाला मोठा वाचकवर्ग मिळाला तो डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञामुळे. १९७० मध्ये त्याचं लांडग्यांवरचं पुस्तक आलं आणि 'अल्फा' हा शब्द सगळीकडे पोचला. पुढे १९८६ पासून मेक दर उन्हाळ्यात कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्झमिअर बेटावर जाऊ लागला. तिथले लांडगे माणसाला बुजत नव्हते, त्यामुळे त्यांच्या अगदी जवळ राहता आलं. त्याला तिथे सिंहासनासाठीची लढाई दिसली नाही. दिसले पिल्लांना भरवणारे आईबाप. १९९९ मध्ये त्याने निबंध लिहून सांगितलं, की रानातल्या कळपाच्या आईबापांना 'अल्फा' म्हणण्यात काही अर्थ नाही. स्वतःचं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला. ते थांबलं २०२२ मध्ये. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकाविरुद्ध इतकी वर्षं भांडणारा लेखक मला दुसरा माहीत नाही, आणि माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातला तोच खरा नायक आहे.

मधल्या काळात व्हायचं ते होऊन गेलं होतं. न्यूयॉर्क राज्यात न्यू स्कीट इथे ख्रिस्ती साधूंचा मठ आहे. ते जर्मन शेफर्ड पाळतात. १९७८ मध्ये त्यांनी कुत्रं सांभाळण्यावर पुस्तक लिहिलं. प्रेमळ, वाचनीय पुस्तक. त्यात उद्दाम कुत्र्याला उलटं पाडून दाबून धरण्याचा उपाय होता, लांडग्यांच्या नावावर. खरं तर लांडग्यांत दुबळा आपण होऊन उताणा पडतो, त्याला कोणी पाडत नाही. २००२ च्या आवृत्तीत साधूंनी तो सल्ला मागे घेतला. पण सल्ला एकदा सुटला की सुटला. पुस्तकातून पुस्तकात, पुढे टीव्हीवर, आणि फिरत फिरत कराडातल्या एका निवृत्त गृहस्थांच्या तोंडी. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये या विचाराविरुद्ध जाहीर निवेदन काढलं, तेव्हा मोती अकरा वर्षांचा होता.

दुसरा प्रवाह याच्या शेजारून वाहत होता, पण त्याचे झरे कुत्र्यांच्या आखाड्यात नव्हते, प्रयोगशाळेत होते. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला पूर आला. पावलॉव्हच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत पाण्याखाली जायच्या बेतात होती. त्यांना पाण्यातून ओढून वाचवण्यात आलं. नंतर असं दिसलं, की काही कुत्री पूर्वी शिकलेलं सगळं विसरली आहेत, आणि सावरल्यावरही दाराखालून पाण्याची बारीक धार सोडली की पुन्हा कोसळतात. त्याच वर्षी अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स हिने पीटर नावाच्या लहान मुलावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पीटर सशाला घाबरायचा. त्याला आवडता खाऊ देत देत ससा रोज थोडा जवळ आणला गेला. शेवटी तो सशाला हात लावू लागला.

दिवाळीत आपल्या घराघरांतली छोटी कुत्री पलंगाखाली जाऊन थरथरत असतात, त्यांच्यासाठी जे काही करता येतं ते या पीटरच्या गोष्टीतच आहे. फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज दिवाळीच्या कितीतरी आधी, अगदी हळू लावायचा, त्याबरोबर खाऊ, आणि दिवसेंदिवस आवाज थोडा वाढवायचा. कुत्रं खाणं सोडून कान पाडू लागलं तर आपण घाई केली असं समजायचं. प्रत्यक्ष लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवं काही शिकवता येत नाही. तेव्हा आतली खोली, बंद खिडक्या, पंख्याचा आवाज, आणि जवळ बसलेलं माणूस. जवळ घेतलं तर भीती वाढते हा गैरसमज आहे. भीती हा काही हट्ट नाही, की लाड केल्याने वाढावा.

स्किनरने १९५१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये प्राण्यांना कसं शिकवावं यावर साधा लेख लिहिला. खेळण्यातली टिकटिक वाजणारी पत्र्याची डबी घ्या, कुत्र्याने हवं ते केलं की त्या क्षणी वाजवा, मग खाऊ द्या. लहानपणी जत्रेत आम्ही जो टिकटिक वाजणारा पत्र्याचा बेडूक घ्यायचो, तीच ही वस्तू. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी याच तंत्रावर कोंबड्या, डुकरं, कसलेही प्राणी शिकवून दाखवले. हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांना एक गोष्ट उघड दिसत होती. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही, रागावलात तर तो पोहून लांब जातो. १९८४ च्या त्यांच्या पुस्तकाने हे तंत्र कुत्र्यांपर्यंत आणलं. साधारण त्याच सुमारास इयन डनबर या पशुवैद्याने कॅलिफोर्नियात पिल्लांचे वर्ग सुरू केले. हिसक्याच्या पद्धतीत कुत्रं सहा महिन्यांचं होईपर्यंत थांबावं लागे, कारण त्याआधी मान कोवळी असते. बिस्किटाला असं थांबायची गरज नव्हती.

आणि पिल्लूपण किती मोलाचं असतं ते तोवर सिद्ध झालेलं होतं. मेन राज्यातल्या बार हार्बर इथे स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पाच जातींची पिल्लं वाढवून १९६५ मध्ये ग्रंथ लिहिला. जाती होत्या बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलँड शीपडॉग आणि फॉक्स टेरियर. सगळी लहान ते मध्यम चणीची. छोट्या कुत्र्यांना इतिहासात जागा मिळाली ती इथे. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहतं, ज्यांच्यात वावरतं, ते त्याला आपलं वाटतं. त्याच संस्थेत चौदा आठवडे माणसापासून दूर वाढवलेली पिल्लं नंतर माणसाजवळ यायला तयार नव्हती. आपल्याकडे महिन्याचं पिल्लू आईपासून तोडून आणायचं आणि 'कशाला बाहेर काढायचं, आजारी पडेल' म्हणून चार महिने घरात कोंडायचं, ही रीत. भारतात २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी घातली. मोतीच्या वेळी नियम नव्हता, आणि असता तरी आम्ही पाळला असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

मग छोटी कुत्री जास्त चिडकी का असतात? जातच तशी, हे नेहमीचं उत्तर. व्हिएन्नात क्रिस्टीन आरहांट आणि सहकाऱ्यांनी १२७६ कुत्रेमालकांच्या उत्तरांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. छोटी कुत्री सांगितलेलं कमी ऐकतात, जास्त चिडतात, जास्त घाबरतात, असंच त्यात आलं. पण त्यांचे मालकही वेगळे निघाले. ते कुत्र्याशी कमी खेळत, त्याला कमी शिकवत, आज एक उद्या दुसरं असं वागत. आणि छोट्या कुत्र्यांत शिक्षा जितकी जास्त, तितकी भीतीही जास्त, असा संबंध दिसला. अशा अभ्यासातून आधी कोंबडी की आधी अंडं हे ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण काउंटरवरची दोन्ही वाक्यं मला त्यात सापडली. छोटंसं आहे म्हणून शिकवायचं नाही, आणि बिघडलं की अल्सेशियनसाठी बनवलेली शिक्षा द्यायची.

खरं म्हणजे छोट्या कुत्र्याच्या तक्रारी बघितल्या तर त्यात सत्तेचा प्रश्न कुठेच नसतो. घरात शू करतं, कारण मूत्राशय लहान असतं आणि आपण मोठ्या कुत्र्याच्या हिशेबाने दिवसातून तीनदाच बाहेर नेतो. पिल्लाला झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, शिवाय दर दोन तासांनी न्यावं लागतं आणि शाबासकी घरी आल्यावर नाही, तिथल्या तिथे, शू संपताक्षणी द्यावी लागते. बेल वाजली की भुंकतं, कारण भुंकल्यावर पोस्टमन नेहमीच निघून जातो. त्याच्या दृष्टीने उपाय शंभर टक्के लागू पडतो. बेल म्हणजे पोत्यावर जाऊन बसायचं आणि खाऊ मिळवायचा, हे शिकवायला आठ-पंधरा दिवस लागतात आणि बेल वाजवणारं एक रिकामटेकडं माणूस लागतं. उचलताना गुरगुरतं, कारण त्याला कोणीही, कधीही, न विचारता, वरून झडप घालून उचलतं. घारीसारखं. चाळीस किलोच्या कुत्र्याला असं उचलायची कोणाची छाती आहे?

गुरगुरण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. भुंकणारं कुत्रं चावत नाही, ही आपली म्हण मला काउंटरवर दर महिन्याला खोटी पडताना दिसते. पण गुरगुरणारं कुत्रं निदान सांगत तरी असतं, की थांबा, मला हे नको आहे. शिक्षा केली की हे सांगणं बंद होतं. नको असणं तसंच राहतं. १९९८ च्या भाऊबीजेला माझा सहा वर्षांचा भाचा सोफ्यावर मोतीशेजारी बसला आणि त्याने मोतीला कवळ्यात घेतलं. मोती गुरगुरला नाही. ते मीच बंद केलं होतं. हाताला दोन दात खोल गेले. लस मी आमच्याच दुकानातून नेली आणि डॉक्टरांना सांगितलं, "घरचंच आहे. छोटंसं आहे."

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांना शिकवणाऱ्यांनी जे सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं, आणि त्या शिकवणाऱ्यांना आणखी कोणी. पुढे मी मेकच्या निबंधाची झेरॉक्स त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली आणि म्हणाले, "आमची कुत्री कामाची होती ताई. तुमचं काम काय होतं त्याच्याकडे?"

मोती २०११ मध्ये गेला. सोफ्यावरून तो भाजलेल्या शेंगदाण्याच्या एका दाण्यासाठी आपण होऊन खाली उतरायला शिकला होता, ते शिकवायला मला चार दिवस लागले. उताणं पाडायचं बंद करून बारा वर्षं उलटली होती, तरी छातीला आणि पोटाला हात त्याने शेवटपर्यंत लावू दिला नाही. इंजेक्शनसुद्धा मानेलाच द्यावं लागे.